लीडला नावं ठेवण्याआधी

तो चेंडू सीमापार गेला असता तर गुजरात रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत असतं. २१ फेब्रुवारी २०२५ची सकाळ, अहमदाबाद, उपांत्य सामन्याचा पाचवा दिवस. केरळच्या ४५७ धावांसमोर गुजरातची शेवटची जोडी खेळत होती आणि धावफलकावर ४५५ लागले होते. गुजरातच्या अर्झान नागवासवालाने केरळच्या आदित्य सरवटेच्या चेंडूवर जोरात फटका हाणला. शॉर्ट लेगला वाकून बसलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, वर उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात जाऊन पडला. केरळला पहिल्या डावात दोन धावांची लीड, म्हणजे आघाडी, आणि बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर ती घेणारा पुढे जातो. १९५७ पासून रणजी खेळणारं केरळ पहिल्यांदा अंतिम फेरीत.

गंमत म्हणजे, २०१७च्या आधी हाच झेल झेल धरला गेला नसता. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवरून उडालेला चेंडू पकडला तरी फलंदाज बाद नाही, असा तोवर नियम होता. त्या वर्षी तो बदलला आणि आठ वर्षांनी त्याची फळं केरळच्या पदरात पडली.

संध्याकाळपर्यंत माझ्या ओळखीतल्या क्रिकेटवेड्यांमध्ये दोन तट पडले होते. एक म्हणत होता, वा, काय सामना. दुसरा म्हणत होता, पाच दिवस घाम गाळून निकाल काय, तर दोन धावा? सामना जिंकलाच कुणी नाही आणि अंतिम फेरीत मात्र एक जण गेला! बाद फेरीचा निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर लावायची ही पद्धत मोडीत काढा, असं म्हणणारे तसे दरवर्षी भेटतात, त्या मोसमात जरा जास्त भेटले. मी पहिल्या तटातला. सामना रंगला याचा आनंद आहेच, पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ही पद्धत योग्य आहे, आणि तिच्यावर चिडणाऱ्यांनी भलत्याचीच कॉलर धरली आहे.

विरोधकांची भक्कम बाजू खरं तर अहमदाबादची नाहीच, ती पुण्याची आहे. त्याच महिन्यात गहुंज्याला केरळ आणि जम्मू-काश्मीर यांच्यात उपांत्यपूर्व सामना झाला. जम्मू-काश्मीरचा संघ त्या मोसमात कुणाची भीडभाड ठेवत नव्हता. जानेवारीत त्यांनी बीकेसीच्या मैदानावर मुंबईला मुंबईत पाच गडी राखून हरवलं होतं, तेही रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे आणि शार्दूल ठाकूर असलेल्या मुंबईला. पुण्यात त्यांनी २८० केल्या, मग आकिब नबीने सहा बळी घेऊन केरळची ९ बाद २०० अशी दाणादाण उडवली. तिथून सलमान निझार आणि अकराव्या क्रमांकाचा बेसिल थम्पी यांनी ८१ धावा जोडल्या. त्यात थम्पीच्या १५. केरळ सर्वबाद २८१. लीड एका धावेची.

पुढे जम्मू-काश्मीरने कर्णधार पारस डोग्राच्या शतकाच्या जोरावर ९ बाद ३९९ वर डाव सोडला. जिंकायला ३९९ हव्या असलेल्या केरळने शेवटचा अख्खा दिवस नांगर टाकला आणि ६ बाद २९५ वर सामना अनिर्णित सोडवला. एक धाव जास्त म्हणून केरळ पुढे गेलं, जम्मू-काश्मीर घरी. ज्यांनी डाव घोषित करून जिंकायचा प्रयत्न केला ते बाहेर आणि ज्यांनी खेळपट्टीवर तंबू ठोकला ते आत, हा कुठला न्याय, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे.

पण या सामन्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं. ९ बाद २०० असताना तुमच्याकडे ८० धावांची लीड आहे आणि समोर अकरा नंबरचा खेळाडू. त्याला बाद करता आलं नाही. शेवटच्या डावात दहा गडी काढायला पुरेशी षटकं होती, त्यातले चार उरले. म्हणजे संधी एकदा नाही, दोनदा मिळाली. लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये गोलंदाजांकडून दुसरं काय अपेक्षित असतं? सलमान निझारने त्या दुसऱ्या डावात १६२ चेंडू खेळून नाबाद ४४ केल्या. हे बघायला कंटाळवाणं वाटेल, पण समोरून नबीसारखा गोलंदाज येत असताना ते करून दाखवणारे किती जण आज आपल्याकडे आहेत? मला त्या एका धावेत योगायोग कमी आणि दोन माणसांची चिकाटी जास्त दिसते.

आता कंटाळ्याचं. मी लीडच्या बाजूने बोलतोय म्हणून तिची खोट झाकणार नाही. अंतिम सामना नागपूरला झाला, विदर्भ विरुद्ध केरळ, आणि रविवारी, २ मार्चला, पाचव्या दिवशी मी जामठ्याला होतो. विदर्भाने पहिल्या डावात ३७९ केल्या होत्या. सुरुवात ३ बाद २४ अशी झालेली, तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. एकवीस वर्षांच्या दानिशच्या १५३, करुण ८६ वर धावबाद. उत्तरात केरळची धावसंख्या सव्वातीनशेला टेकली तोवर सचिन बेबी ९८ वर उभा होता. त्याने पार्थ रेखाडेला उचलून मारायला जाऊन सीमारेषेजवळ करुणच्या हाती झेल दिला आणि बघता बघता केरळ ३४२ वर आटोपलं. विदर्भाची लीड ३७. खरं तर करंडक त्या क्षणीच अर्धा हातात आला होता.

पाचव्या दिवशी उरलं होतं ते वेळ काढणं. करुणने १३५ केल्या, विदर्भाची आघाडी फुगत फुगत चारशेच्या पुढे गेली, तरी कर्णधार अक्षय वाडकर डाव सोडेना. का सोडेल? त्याला फक्त बाद व्हायचं नव्हतं. शेवटी दर्शन नळकांडेचं अर्धशतक झालं, ९ बाद ३७५ धावसंख्या लागली आणि दोन्ही संघांनी हात मिळवले. त्याच दुपारी दुबईत भारत आणि न्यूझीलंड समोरासमोर होते, त्यामुळे स्टँडमधल्या बऱ्याच डोळ्यांना मोबाइलची ओढ होती. मैदानावर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी जिंकत होता. हे चित्र चांगलं नाही, मान्य. विदर्भाचा माणूस असूनही मान्य.

मग पर्याय काय? इथे टीकाकार जरा गप्प होतात.

एकेकाळी रणजीतल्या सामन्यांना दिवसांची मर्यादाच नसायची. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकर संघाविरुद्ध ४६२ आणि ७६४ केल्या, होळकरांकडून डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या तरी मुंबई ३७४ धावांनी जिंकली. १९४८-४९ला पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपांत्य सामन्यात तर चारही डाव मिळून २३७६ धावा झाल्या. तो विश्वविक्रम आहे. अशा सामन्यांत लीडची गरज नव्हती, कारण निकाल लागेपर्यंत खेळत बसायची मुभा होती. आज कुणी अशी मुभा मागितली तर मंडळाचं वेळापत्रक बघणारा माणूस खुर्चीवरून पडेल.

करंडक वाटून द्या म्हणावं, तर २००२मध्ये कोलंबोत पावसामुळे भारत आणि श्रीलंकेला चॅम्पियन्स करंडक वाटून दिला होता. त्या विजेतेपदाची आठवण किती जणांना आहे? उपांत्य फेरीत तर वाटणीचा प्रश्नच येत नाही, कुणीतरी एकच पुढे जाणार. ऑस्ट्रेलियात शेफील्ड शील्डचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर गुणतक्त्यात वरचा, म्हणजे यजमान संघ विजेता, अशी रीत वर्षानुवर्षं होती. म्हणजे पाहुण्याला जिंकण्यावाचून गत्यंतर नाही आणि यजमानाने पाच दिवस खेळपट्टी अडवून बसलं की झालं. ही पद्धत इथे लावली असती तर केरळच्या त्या दोन सामन्यांतली सगळी जान गेली असती. आणि २०१९च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चौकार मोजून लावला गेला, त्याच्याबद्दल तर न बोललेलंच बरं.

या सगळ्यांच्या रांगेत पहिल्या डावाची आघाडी उभी केली की तिचं शहाणपण दिसतं. तिच्यात क्रिकेटबाहेरचं काही नाही. दोन्ही संघांना एकेक पूर्ण डाव मिळतो, अकराच्या अकरा फलंदाजांना खेळावं लागतं, दहाच्या दहा बळी घ्यावे लागतात, आणि जो जास्त धावा करतो तो पुढे जातो. गुणतक्ता नाही, नाणं नाही, चौकारांची बेरीज नाही.

तिने दिलेलं नाट्य आठवायचं तर एकच मोसम पुरे, १९८१-८२. उपांत्य सामना बंगळूरला, कर्नाटक विरुद्ध मुंबई. कर्नाटकाचा डावखुरा फिरकीपटू रघुराम भट याने पहिल्या डावात आठ बळी घेऊन मुंबईला गुंडाळलं, कर्नाटकाने भलीमोठी लीड घेतली, आणि दुसऱ्या डावातही चेंडू हातभर वळायला लागला. सामना तर गेलाच होता. उरला होता निर्णायक पराभवाचा डाग. सुनील गावस्कर खाली उशिरा खेळायला आले आणि भटसमोर चक्क डावखुरे उभे राहिले, म्हणजे चेंडू बॅटपासून दूर जाण्याऐवजी आत येईल. नाबाद १८. मुंबई हरली ती लीडवर, डावाने नाही. लीड गेल्यावर सामना मेला, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या १८ धावांचा विचार करावा. जिंकण्याची आशा संपल्यावर माणूस कसा खेळतो, हे बघायलाही लोक मैदानावर येतात.

मग अंतिम सामना दिल्लीत. कर्नाटकाने ७०५ धावांचा डोंगर रचला. अशा वेळी समोरचा संघ काय करेल? दिल्लीने ८ बाद ७०७ केल्या. नवव्या गड्यासाठी राकेश शुक्ला आणि राजेश पीटर यांनी शतकी भागी करून तो डोंगर ओलांडला. दोघंही तळाचे खेळाडू. चौदाशे धावा, एकेकच डाव, आणि तरी शेवटच्या तासापर्यंत कुणाला श्वास घेता आला नसेल. हा सामना लीडच्या नियमानेच जन्माला घातला. तो नियम नसता तर पाचशे धावांनंतर दोन्हीकडचे खेळाडू कॉफीच्या गप्पा मारत बसले असते.

मुंबईच्या ज्या खडूसपणाचं आपण कौतुक करतो, तोही याच नियमात मुरलेला आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग १५ वेळा रणजी जिंकली, त्यातली काही विजेतेपदं पहिल्या डावाच्या आघाडीवर आली आहेत. आधी लीड घ्यायची, मग समोरच्याला गुदमरवायचं, हे सूत्र दादरच्या जिमखान्यापासून वानखेडेपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. गंमत अशी की, २०२४-२५ला विदर्भाने तेच सूत्र मुंबईवर उलटवलं. उपांत्य सामन्यात विदर्भाच्या ३८३ला मुंबईच्या २७०, लीड ११३ची. दुसऱ्या डावात यश राठोडच्या १५१. मुंबईपुढे ४०६चं लक्ष्य आणि ८० धावांनी पराभव. हा सामना कागदावर निर्विवाद विजय म्हणून नोंदला गेला, पण तो जिंकला गेला पहिल्या डावात. लीडच्या भीतीपोटी लोक निकालासाठी खेळत नाहीत हा आरोप अर्धाच खरा आहे. लीड घेतलेला संघ मोकळेपणाने खेळतो, आणि मागे पडलेल्याला धोका पत्करावाच लागतो. त्यातूनही निकाल लागतात.

मग लोकांना ही पद्धत इतकी खुपते का? माझा अंदाज असा की, रणजीकडे बघताना आपल्या मनात कायम कसोटी क्रिकेट असतं. रणजी म्हणजे कसोटीची तालीम, कसोटीचा वशिला, कसोटीतून गळालेल्यांची शिक्षा. तालमीत कोण जिंकलं याला काय किंमत? तिथे फक्त कोण फॉर्मात आहे ते बघायचं. या नजरेने पाहिलं तर लीड हा उगाच जोडलेला सोपस्कार वाटतो. पण रणजी खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या आयुष्यात कसोटी येणारच नाही. त्यांच्यासाठी रणजी हेच शिखर आहे, आणि शिखरावरच्या सामन्याला निकाल हवाच. लीडचा नियम त्यांना निदान एवढं तरी देतो की, तुमचा सामना हाच सामना आहे, तो कशाची तरी पूर्वतयारी नाही.

त्याच मोसमाच्या जानेवारीत ही तालमीची नजर किती खोल गेली आहे ते सगळ्यांनी पाहिलं. ऑस्ट्रेलियात १-३ अशी कसोटी मालिका गमावून संघ परतला, मंडळाने खेळाडूंसाठी दहा कलमी आचारसंहिता काढली आणि त्यात देशांतर्गत क्रिकेट खेळणं बंधनकारक केलं. विराट कोहली बारा वर्षांनी रणजीत उतरला. दिल्ली विरुद्ध रेल्वे, प्रवेश फुकट, फाटकापाशी चेंगराचेंगरी होण्याची वेळ आली. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने सहा धावांवर त्याची यष्टी उडवली आणि पाठोपाठ माणसं उठून चालू लागली. दिल्ली तो सामना डावाने जिंकली, पण ते बघायला फार कुणी थांबलं नव्हतं. मोठे खेळाडू रणजीत यावेत याला माझा विरोध नाही. पण शाळेत अंगठे धरून उभं करावं तसं त्यांना रणजीत पाठवलं, तर रणजीची प्रतिष्ठा वाढते की शिक्षेची?

आणि ज्यांनी ही प्रतिष्ठा जपायची त्यांनी त्या वर्षी मोसमाचेच दोन तुकडे केले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखळीच्या पाच फेऱ्या, मग लाल चेंडू पेटीत बंद, सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे या पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा, आणि २३ जानेवारीपासून पुन्हा रणजी. उत्तरेतल्या धुक्याचं कारण दिलं गेलं, ते अगदीच खोटं नाही. तरी विदर्भाचं उदाहरण घ्या. १८ जानेवारीला त्यांनी वडोदऱ्यात विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना खेळला. त्या स्पर्धेत करुण नायरच्या बॅटमधून ७७९ धावा निघाल्या होत्या, सरासरी ३८९.५०. आणि पाचव्या दिवशी तोच संघ पुन्हा पांढऱ्या कपड्यांत. पन्नास षटकांची लय घेऊन आलेल्या फलंदाजाने पाच दिवसांत चेंडू सोडायला शिकायचं. गोलंदाजांचं तर विचारूच नका, दहा षटकं टाकणाऱ्या खांद्याला एकदम दिवसाला वीस षटकं. लीडसाठी पाच सत्रं खेळपट्टीवर ठाण मांडणारे फलंदाज हवेत म्हणता, मग त्यांना ते करायला सलग चार महिने तरी द्या!

हे तुकडे करणं आणि लीडला नावं ठेवणं, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे की रणजी कुठेही बसवावी, कशीही संपवावी. अशा समजुतीतून आलेले उपाय याआधीही करून झालेत. २०१६-१७ला सगळे सामने तटस्थ मैदानांवर ठेवले होते, का तर यजमान आपल्याला हवी तशी खेळपट्टी बनवतात. खेळाडू घरी नाहीत, प्रेक्षक नाहीत, कुणीच नाही. एका वर्षात तो प्रयोग गुंडाळावा लागला.

पैशाचंही बोलू, कारण ते बोलल्याशिवाय कुणाला पटत नाही. २०२४-२५च्या मोसमात वीसपेक्षा कमी सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४० हजार रुपये मिळत, चाळीसहून जास्त सामन्यांचा अनुभव असेल तर ६० हजार. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे २८ दिवस. नवख्याचे ११ लाख २० हजार, मुरलेल्याचे १६ लाख ८० हजार. मोसमाच्या मधल्याच सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, जेद्दाला आयपीएलचा लिलाव झाला. तिथे सगळ्यात खालची बोली ३० लाखांपासून सुरू होत होती. वीस वर्षांच्या मुलाने सलमान निझारसारखं १६२ चेंडूंत ४४ करायला शिकावं, की त्याच १६२ चेंडूंत काय काय मारता येईल त्याचा सराव करावा? आकडेच उत्तर देतात. ११ लाख ही काही उपाशी मरायची रक्कम नाही, हेही खरं. विजेत्या संघाचं बक्षीस २०२३ पासून पाच कोटींवर गेलं, तेही चांगलंच. पण दिवसाच्या मानधनात आणि लिलावाच्या पायथ्यात एवढी दरी असेल तर लीडची भाषा बोलणारी माणसं कमीच होत जाणार.

साखळी सामन्यांबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे, ते इथेच सांगून टाकतो. साखळीत निर्णायक विजयाला सहा गुण, अनिर्णित सामन्यात लीड घेणाऱ्याला तीन आणि मागे पडणाऱ्याला एक. म्हणजे दोन लीड बरोबर एक विजय. हे प्रमाण मला पटत नाही. पाटा खेळपट्टी बनवून, दोन दिवस फलंदाजी करून तीन गुण खिशात घालायचा धंदा त्यातूनच चालतो. विजयाला आठ गुण करा, कर्णधार दुसऱ्या डावात लवकर डाव सोडतील. साखळीत हरलात तरी पुढचा सामना असतो, म्हणून तिथे धोका पत्करायला लावणं योग्य. बाद फेरीत पुढचा सामना नसतो. तिथे लीडच हवी. अंतिम सामन्यासाठी हवं तर एक राखीव दिवस ठेवा, कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला ठेवतातच. जामठ्याला सहावा दिवस हातात असता तर वाडकरने कधीतरी डाव सोडला असता की नाही, सांगता येत नाही. पण केरळच्या गोलंदाजांना त्या सकाळी धावून यायला काहीतरी कारण तरी असतं.

सरवटेचं एक सांगायचं राहिलं. अहमदाबादला गुजरातचे शेवटचे तिन्ही गडी काढणारा आदित्य सरवटे मूळचा विदर्भाचाच. २०१८-१९चा अंतिम सामना याच जामठ्याला झाला होता, तेव्हा त्याने अकरा बळी घेऊन विदर्भाला दुसऱ्यांदा करंडक मिळवून दिला. सहा वर्षांनी तो त्याच मैदानात केरळकडून उतरला, पहिल्या डावात ७९ धावा केल्या आणि आपल्याच जुन्या मित्रांनी घेतलेल्या ३७ धावांच्या लीडवर हरला. त्याच्या जागी विदर्भाकडे आता हर्ष दुबे आहे, तोही डावखुरा फिरकीपटूच. त्याने त्या मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी आजवर कुणीच घेतले नव्हते. बिहारच्या आशुतोष अमनचा ६८चा विक्रम त्याने अंतिम सामन्यातच मागे टाकला.

रविवारी सामना संपला आणि सोमवारी, ३ मार्चला, मुंबईत पद्माकर शिवलकर गेले. तेही डावखुरे फिरकीपटू. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, भारताची टोपी एकदाही नाही. १९७२-७३च्या अंतिम सामन्यात चेन्नईच्या चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच गडी बाद केले होते. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. त्या सामन्यात पहिल्या डावाची लीड ७१ धावांची होती, आणि ती कुणाच्या लक्षातही नाही.